आतड्याच्या कॅन्सरनंतरची पाच वर्षं

आतड्याच्या कॅन्सरचे उपचार संपले की घरात सगळ्यात आधी हरवते ती फाइल. शेवटची केमो होते, डॉक्टर ‘आता तीन महिन्यांनी या’ म्हणतात, शेजारीपाजारी पेढे जातात आणि रिपोर्टांची ती जाडजूड पिशवी कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसते. पहिल्या तपासणीला बहुतेक जण जातात, कारण भीती ताजी असते. दुसरीही होते. मग पेरण्या येतात, लग्नकार्य निघतं, धाकट्याची दहावी असते, ‘दिवाळी झाली की जाऊ’ असं ठरतं. पेशंट एव्हाना चांगला हिंडूफिरू लागलेला असतो, त्यामुळे मागे लागायचं कुणाला सुचतही नाही.

ज्यांनी हा आजार सोसला त्यांच्यासाठी हा लेख आहेच. पण त्याहून जास्त तो मागे लागणाऱ्या माणसासाठी आहे. मुलगा, सून, नवरा, बहीण, कुणीही. माझं मत असं आहे की फॉलोअप आळसामुळे क्वचितच चुकतो. तो चुकतो कारण तो घरात कुणा एकाचं काम नसतो.

त्रास काही नसताना तपासायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर शरीराच्या रचनेत आहे. आतड्याकडून निघालेलं रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून गाळून जातं. शस्त्रक्रियेआधीच काही पेशी निसटल्या असतील, तर त्या बहुधा यकृतात अडकतात, नाहीतर फुप्फुसात. यकृतात वाढणारी लहानशी गाठ दुखत नाही. भूक लागते, झोप लागते, माणूस कामाला जातो. दुखायला लागते तेव्हा ती बरीच मोठी झालेली असते. मात्र ती मर्यादित असतानाच सापडली, तर शस्त्रक्रियेने काढता येते आणि अशा रुग्णांपैकी काही जण त्यानंतर कायमचे बरे होतात. आजार परतल्यावरही बरं होण्याची अशी संधी सगळ्याच कॅन्सरांत मिळत नाही. परतणाऱ्या आजारांपैकी सुमारे ८० टक्के पहिल्या तीन वर्षांतच परततात आणि पाच वर्षांनंतर ते प्रमाण अगदी कमी होतं. म्हणून ही पाच वर्षं मोजायची, त्यातली पहिली तीन अधिक डोळ्यांत तेल घालून.

वेळापत्रक तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं असतं, पण त्याचा ढाचा जगभर साधारण सारखा आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेजच्या आजारात पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांची भेट आणि सीईए नावाची रक्ततपासणी; पुढे पाचवं वर्ष संपेपर्यंत दर सहा महिन्यांनी. छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन साधारण वर्षातून एकदा. धोका जास्त असेल तर सहा महिन्यांनी. दुर्बिणीची तपासणी, म्हणजे कोलोनोस्कोपी, शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने; ती स्वच्छ निघाली तर त्यानंतर तीन वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी. पहिल्या स्टेजमध्ये बहुतेकदा कोलोनोस्कोपी पुरते.

यातली एक गोष्ट हमखास सुटते. गाठीमुळे आतडं तुंबून तातडीने ऑपरेशन झालं असेल, तर त्या वेळी दुर्बीण गाठीच्या पुढे गेलेली नसते. अशा वेळी वर्षभर थांबायचं नसतं. तीन ते सहा महिन्यांत उरलेलं आतडं पाहून घ्यावं लागतं. ऑपरेशन तालुक्याच्या दवाखान्यात आणि केमो शहरात झाली, की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने पाहिलं असेल. तुमच्या बाबतीत पूर्ण आतडं एकदा तरी पाहिलं गेलंय का, हा प्रश्न पुढच्या भेटीत सरळ विचारा.

दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण सुस्थितीतल्या कुटुंबांत उलटीच चूक होते: दर तीन महिन्यांनी पेट स्कॅन, वर ‘फुल बॉडी’ पॅकेज. पेट स्कॅन हा नेहमीच्या फॉलोअपचा भाग नाही. स्वीडन, डेन्मार्क आणि उरुग्वेमध्ये झालेल्या कोलोफोल या अभ्यासात अडीच हजार रुग्णांचे दोन गट केले होते. एकाचा सीटी आणि सीईए तीन वर्षांत पाच वेळा, दुसऱ्याचा फक्त दोनदा. २०१८ साली निकाल आला, तेव्हा पाच वर्षांतल्या मृत्यूंच्या प्रमाणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ तपासण्या नकोत असा नाही. दोन्ही गट तपासण्या करतच होते. अर्थ एवढाच, की ठरलेल्या वेळी ठरलेली तपासणी झाली पाहिजे, त्यापलीकडच्या हौसेला फारसं फळ नाही. वाचलेले पैसे प्रवासाला ठेवा.

सीईएचा आकडा

सीईए हे रक्तातलं एक प्रथिन. मॉन्ट्रियलमध्ये फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी १९६५ साली ते शोधलं. आजार परतू लागला की त्याची पातळी अनेकदा स्कॅनच्या आधी वाढते, म्हणून ही स्वस्त तपासणी टिकून आहे. पण तिने जितक्या लोकांची झोप घालवली आहे तितकी दुसऱ्या कुठल्या आकड्याने क्वचितच घालवली असेल. रिपोर्ट मोबाइलवर रात्री येतो, आकडा ठळक छापलेला असतो आणि डॉक्टर भेटणार परवा.

धूम्रपान करणाऱ्यांत सीईए मुळातच जास्त असतो. यकृताच्या आजारात, आतड्याच्या सुजेत, केमो चालू असतानाही तो वाढू शकतो. एका लॅबचा आकडा दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नसतो, कारण पद्धती वेगळ्या असतात. तेव्हा पाच वर्षं एकच लॅब धरा आणि सगळे आकडे तारखेसह एका कागदावर ओळीने लिहीत जा. डॉक्टरांना एका आकड्यापेक्षा ती ओळ हवी असते: दोनाचे तीन झाले आणि पुन्हा दोन झाले, की दोनाचे चार, सहा, नऊ असं चढतंय? एकदा वाढला तर पहिली पायरी बहुधा तीच तपासणी पुन्हा करण्याची असते. काहींच्या आजारात सीईए कधीच वाढत नाही, त्यामुळे नुसत्या ‘नॉर्मल’वर विसंबून सीटी टाळायचा नाही.

कोलोनोस्कोपीचं काम वेगळं आहे. यकृतात काय चाललंय हे ती सांगत नाही. जोडलेल्या जागी काही उगवतंय का आणि उरलेल्या आतड्यात नवे मस्से, म्हणजे पॉलिप, आलेत का, हे ती पाहते. मस्सा दिसला तर तेव्हाच काढून टाकतात, म्हणजे तपासणी आणि उपचार एकाच बैठकीत. लोकांना भीती दुर्बिणीची कमी आणि पोट साफ करण्याच्या औषधाची जास्त वाटते. ती पावडर मिसळलेलं दोन-चार लिटर पाणी पिणं खरंच जिवावर येतं. अर्धं औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी पहाटे घेतलं तर सोसतंही बरं आणि आतडंही जास्त स्वच्छ होतं. आधीचे दोन-तीन दिवस पालेभाज्या, पेरू, डाळिंब, टोमॅटो, तीळ असं बियांचं आणि चोथ्याचं खाणं बंद. मऊ भात, वरणाचं पाणी, ताक चालतं. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी थांबवतात. रक्त पातळ करणारी गोळी किंवा मधुमेहाचं औषध चालू असेल, तर तारीख घेतानाच सांगा, टेबलावर झोपल्यावर नको. शेवटी पिवळसर स्वच्छ पाणीच पडायला लागलं पाहिजे. तसं नसेल तर तपासणी अर्धवट होते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. पोटावर मोठ्या आतड्याची पिशवी असणाऱ्यांची कोलोनोस्कोपी पिशवीखालच्या आतड्याच्या तोंडातूनच होते. ‘मला पिशवी आहे, म्हणजे ही तपासणी नाही’ हा गैरसमज आहे.

गुदाशयाच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना रेडिएशन आणि केमोने गाठ पूर्ण नाहीशी झाल्यामुळे ऑपरेशनच करत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. साओ पावलोच्या शल्यविशारद अँजेलिता हाब्र-गामा यांनी ही वाट दाखवली आणि तिच्यामुळे अनेकांची कायमची पिशवी टळली. पण यात ऑपरेशनच्या जागी फॉलोअप आलेला असतो, हे विसरता कामा नये. अनेक देशांतल्या ८८० रुग्णांच्या नोंदींत दोन वर्षांत सुमारे चौथ्या हिश्श्यात गाठ पुन्हा उगवली होती. वेळेवर सापडली तर बहुतेकांचं तेव्हाही ऑपरेशन करता येतं. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी बोटाने तपासणी, दुर्बीण आणि ठरल्याप्रमाणे एमआरआय हे करणं ज्यांना जमणार नाही, त्यांनी हा पर्याय निवडू नये. स्पष्टच लिहितो.

प्रवासाची भीती

फॉलोअपला न जाण्याचं एक कारण असं आहे, जे डॉक्टरांना कुणी सांगत नाही. गुदाशयाचं ऑपरेशन झालेल्या अनेकांना दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं, एकदा गेलं की तासाभरात पुन्हा, आणि कळ आली की थांबता येत नाही. अशा माणसाला सोलापूर ते मुंबई एसटीने जा म्हणणं सोपं आहे. तो आदल्या दिवसापासून जेवत नाही, नाहीतर ‘आता बरं आहे, नको’ म्हणून घरीच बसतो. याला डॉक्टरांच्या भाषेत नाव आहे, लार्स, आणि त्यावर उपाय आहेत: ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम, खाण्यातले बदल, जुलाब रोखणारी लोपेरामाइडची गोळी, गरज पडल्यास पाण्याने आतडं धुण्याची पद्धत. प्रवासाच्या दिवशी गोळी कधी आणि किती घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून ठेवा. शक्य असेल तर रेल्वेने जा, तिथे शौचालय असतं. कपड्यांचा एक जादा जोड घ्या.

पिशवी असेल तर दोन जादा पिशव्या हातातल्या सामानात हव्यात, डिकीत नकोत. पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करावी. लहान आतड्याची पिशवी असणाऱ्यांच्या शरीरातलं पाणी उन्हाळ्यात फार लवकर कमी होतं. ओआरएस जवळ ठेवा. आणि ही पिशवी तात्पुरती असेल, तर ती बंद करायची तारीख विचारून घ्या. पैशापायी किंवा दुसऱ्या ऑपरेशनच्या धास्तीने वर्षानुवर्षं तात्पुरती पिशवी वागवणारे लोक आहेत. पिशवीबरोबर जगण्याचं मार्गदर्शन मुंबईतली ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था करते.

रेल्वेची सवलत फक्त उपचारांपुरती आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही, ठरावीक काळाने होणाऱ्या तपासणीच्या प्रवासालाही ती लागू आहे. स्लीपर आणि थ्री-टायर एसीमध्ये कर्करुग्णाला तिकीट माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांना जाता येतं. टाटा रुग्णालयात येणाऱ्यांना उतरायला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले असतील, तर फॉलोअपपैकी काय काय योजनेत बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. बरेच जण ऑपरेशननंतर त्याच्या टेबलाकडे फिरकतच नाहीत.

प्रत्येक वेळी मुंबईच गाठायला हवी असंही नाही. २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरची रुग्णालयं जोडली जात आहेत. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, गोव्यात बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय यांपैकी घराजवळ जे असेल तिथे मधल्या भेटी होतील का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. फक्त कागद पूर्ण हवेत.

म्हणून फाइल खाली काढा. तिच्यात सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे काढलेल्या आतड्याचा बायोप्सी रिपोर्ट. त्यानंतर ऑपरेशनची नोंद, कोणती केमो किती वेळा झाली त्याचा तक्ता, सीटीच्या सीडी, कोलोनोस्कोपीचे रिपोर्ट. डॉक्टरांकडून एका पानावर सगळ्याचा सारांश आणि पुढच्या पाच वर्षांचं वेळापत्रक मागून घ्या. हा आगाऊपणा नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने असा कागद प्रत्येक रुग्णाला मिळावा असं २००६ मध्येच सुचवलं होतं. त्याच्या एका प्रतीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर, दुसरी प्रत फॅमिली डॉक्टरांकडे. आणि तारखा कालनिर्णयवर. तारखेच्या पंधरा दिवस आधीच्या चौकोनातही ‘अपॉइंटमेंट घेणे’ असं लिहा, कारण सीटीचा नंबर लगेच लागत नाही. केमोसाठी छातीत बसवलेला पोर्ट अजून तसाच असेल तर तो ठरावीक काळाने धुवून घ्यावा लागतो. कधी काढायचा तेही विचारा.

आता पुन्हा त्या मागे लागणाऱ्या माणसाकडे. २०२५ मध्ये चॅलेंज नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोठ्या आतड्याचं ऑपरेशन आणि केमो झालेले ८८९ रुग्ण, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना व्यायामाची माहितीपुस्तिका दिली. निम्म्यांना तीन वर्षं एक प्रशिक्षक दिला, जो नेमाने भेटायचा, विचारायचा, सोबत व्यायाम करवून घ्यायचा. व्यायाम म्हणजे आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपाझप चालण्याइतका. पाच वर्षांनी प्रशिक्षकवाल्या गटात शंभरातले सुमारे ८० जण आजार न परतता हयात होते, पुस्तिकावाल्या गटात ७४. औषधाला हेवा वाटावा असा हा फरक आहे. आपल्याकडे प्रशिक्षक मिळणार नाही, पण संध्याकाळी ‘चला’ म्हणणारी व्यक्ती घरात असते. तीच व्यक्ती तारखा सांभाळेल. घरात बसून एकदा तिचं नाव ठरवा. ‘आपण सगळे बघू’ म्हणजे कुणीच बघत नाही.

हातापायांच्या मुंग्यांबद्दलही थोडं. ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाने येणाऱ्या मुंग्या केमो थांबल्यावर दोन-तीन महिने वाढूही शकतात, नंतर हळूहळू उतरतात. काहींच्या थोड्या राहतात. घाबरून जाऊ नका, पण डॉक्टरांना सांगा. शेतात किंवा देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नका, भाजलेलं कळत नाही. कमतरता सिद्ध झाल्याशिवाय बी-१२ ची इंजेक्शनं टोचून घेण्यात अर्थ नाही. लैंगिक संबंधांतल्या अडचणी, लघवीचा त्रास, उदास वाटणं हेही फॉलोअपमध्ये सांगायचेच विषय आहेत. डॉक्टर घाईत असतात, म्हणून प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्या आणि चिठ्ठी आत शिरताच पुढे करा.

तारखेची वाट पाहायची नाही अशाही काही गोष्टी आहेत. शौचातून रक्त, सवयीत झालेला बदल, कारण नसताना उतरणारं वजन, न थांबणारा खोकला, कावीळ, माकडहाडाजवळ सतत दुखणं, उलट्यांसह पोट फुगणं. आपल्याकडे रक्त दिसलं की ‘मूळव्याध’ म्हणायची रीत आहे, आणि रस्त्यावरच्या मूळव्याध-भगंदराच्या पाट्यांखाली कितीतरी कॅन्सर महिनोन्‌महिने दडून राहतात. एकदा हा आजार झालेल्या माणसाने तो शब्द स्वतःच्या बाबतीत वापरूच नये; दुर्बिणीने पाहून डॉक्टर म्हणतील तेव्हा ती मूळव्याध.

एक काम तुमच्या शरीराबाहेरचं आहे. तुमची सख्खी भावंडं आणि मुलं यांना या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. त्यांनी पहिली कोलोनोस्कोपी चाळिशीला किंवा तुम्हाला आजार झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे लवकर येईल तेव्हा करायची असते. तुम्हाला पंचेचाळिशीत झाला असेल तर त्यांची वेळ पस्तिशीला येते. घराण्यात आतड्याचे किंवा गर्भाशयाचे कॅन्सर आणखी कुणाला झाले असतील, किंवा तुम्हाला तरुणपणी झाला असेल, तर ‘लिंच सिंड्रोम’ हा आनुवंशिक प्रकार आहे का ते पाहायला हवं. त्याची पहिली चाचणी तुमच्या काढलेल्या गाठीच्या, रुग्णालयाने जपून ठेवलेल्या तुकड्यावरच होते. ती झाली आहे का, ते विचारा. हे सगळं तुमच्या भावाबहिणींना तुमचे डॉक्टर सांगायला जाणार नाहीत, ते त्यांचे पेशंट नाहीत. या आठवड्यात फोन तुम्हीच करा.